विन्स बंद करण्याआधी महिनाभर कान द्या

विन्स म्हणजे मशीनच्या छोट्या (नेटबायोस) नावावरून तिचा आयपी सांगणारी विंडोजची जुनी सेवा; डीएनएस हेच काम डोमेनसकट पूर्ण नावावरून करतं. विन्स काढून सगळं डीएनएसवर आणायचंय. डोमेन (ऑफिसातल्या विंडोज मशीनचा एकत्र सांभाळलेला गट) आहे, दोन डीएनएस सर्व्हर चालू आहेत, बॅकअप घेतलेला आहे, असं धरून चालतो. विंडोज सर्व्हर २०२५ नंतरच्या आवृत्त्यांत विन्स असणारच नाही, त्यामुळे हे काम आज ना उद्या करावं लागणारच आहे.

सोपं काम अर्ध्या दिवसाचं. प्रत्येक सर्व्हर आणि प्रिंटरची नोंद डीएनएसच्या झोनमध्ये (नावांच्या यादीत) घाला, आयपीवरून नाव सांगणारा रिव्हर्स झोन बनवा, डायनॅमिक अपडेट (मशीनने आपली नोंद आपणच करणं) 'फक्त सुरक्षित' ठेवा. मशीनना आपोआप आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीच्या ६ नंबरच्या ऑप्शनमध्ये डीएनएस सर्व्हर आणि १५ नंबरमध्ये डोमेनचं नाव द्या. ज्या मशीनच्या नावात अंडरस्कोर आहे तिथे हायफन करा.

आता खरी गोम. पिंग म्हणजे मशीन उत्तर देतंय का ते बघायची कमांड. 'पिंग लागलं म्हणजे डीएनएस चालतंय' हा सल्ला ज्याने दिला असेल त्याचं पुन्हा ऐकू नका. डीएनएसकडून नाव मिळालं नाही की विंडोज गुपचूप नेटबायोसकडे वळतं: विन्सला विचारतं, नाहीतर गल्लीत उभं राहून आरोळी मारतं, म्हणजे आपल्या सबनेटमधल्या (नेटवर्कच्या त्याच भागातल्या) सगळ्या मशीनना एकदम विचारतं. उत्तर येतं, पिंग लागतं आणि तुम्ही खूश. तपासायचं तर एनएसलुकअप या कमांडने, कारण ते फक्त डीएनएसलाच विचारतं.

मी हे एका सीएच्या ऑफिसात शिकलो. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या पीसींवरून पिंग करून पाहिलं आणि विन्स बंद करून घरी गेलो. सोमवारी सव्वादहाला फोन: 'स्कॅन केलेलं फोल्डरमध्ये येत नाहीये.' मोठ्या कॉपियर मशीनला कुणीतरी कधीकाळी हाताने आयपी दिला होता आणि डीएनएसचा रकाना कोरा सोडला होता. इतकी वर्षं ते विन्सच्या जिवावर सर्व्हर शोधत होतं. डीएचसीपीत काहीही बदला, हाताने आयपी दिलेल्या मशीनला त्याचा पत्ताच नसतो. तेव्हा अशा प्रत्येक मशीनपाशी स्वतः जा, स्क्रीनवर तो रकाना बघा. यादीवर विश्वास ठेवू नका.

त्यानंतर ऐका. विन्स सर्व्हरवर वायरशार्क (नेटवर्कवरची बोलणी दाखवणारा प्रोग्राम) लावा आणि यूडीपी १३७ पोर्टवर कोण कुठलं नाव विचारतंय ते लिहून काढा. आरोळ्या राउटर ओलांडत नाहीत, म्हणून प्रत्येक सबनेटमध्ये वेगळं ऐकावं लागतं. आठवडाभर पुरे म्हणणारे भेटतील. मी पूर्ण महिना घेतो. पगाराची फाइल महिन्यातून एकदाच उघडते आणि तिच्यातला पाथ हमखास जुन्या, छोट्या नावाचा असतो. बॅच फाइली, शॉर्टकट, एक्सेलमधल्या लिंका, जे सापडेल तिथे पूर्ण नाव घाला. दोन डोमेनं असतील तर सफिक्सची (छोट्या नावामागे जोडायच्या डोमेनच्या नावांची) यादी ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे डोमेनमधल्या सगळ्या मशीनना एकदम लागणाऱ्या सेटिंगमधून द्या.

डीएनएसच्या झोनमध्ये 'विन्स फॉरवर्ड लुकअप'ची एक खूण असते. ती लावू नका, आधी कुणी लावली असेल तर काढा. ती असली की एनएसलुकअपसुद्धा खोटं बोलायला लागतं, कारण डीएनएस सर्व्हरच मागच्या दाराने विन्सला विचारून येतो. एखादं छोटं नाव काही केल्या सुटत नसेल तर डीएनएसमध्येच छोट्या नावांसाठी ग्लोबलनेम्स झोन आहे. त्यात नोंदी हाताने घालाव्या लागतात, म्हणून दोन-चार नावांपलीकडे त्याच्या नादी लागू नका.

मग स्वतःच्या पीसीवर नेटबायोस आणि एलएलएमएनआर (आरोळी मारून नाव शोधायची आणखी एक पद्धत) दोन्ही बंद करून आठवडाभर काम करा. त्यानंतर अकाउंट्समधला एक पीसी, तोही ज्याची तक्रार लगेच येते अशा माणसाचा.

शेवटी डीएचसीपीतले ४४ (विन्स सर्व्हरचा पत्ता) आणि ४६ (नेटबायोस नाव कसं शोधायचं ते) हे ऑप्शन काढा. मायक्रोसॉफ्टच्या व्हेंडर ऑप्शनमधून नेटबायोस बंद करा (किंमत २). आठ दिवसांची लीज (डीएचसीपीने दिलेल्या आयपीची मुदत) असेल तर नऊ दिवस थांबा. मग विन्सची सेवा थांबवा, पण अनइन्स्टॉल करू नका. मी ती ३१ मार्च उलटल्यावरच काढतो.