लोकरीचे सूत खाद्यरंगांनी रंगवताना या चुका टाळा

रंगवलेली लडी बिघडली की दोष रंगाच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा चुकलेले असते ते आम्ल, आच किंवा वेळ. टार्ट्राझिन, ब्रिलियंट ब्लू यांसारखे कृत्रिम खाद्यरंग लोकरीवर बसतात, कारण आम्लयुक्त पाण्यात लोकरीतील प्रथिनांवर धनभार येतो, रंगाचे ऋणभारित रेणू त्याकडे ओढले जातात आणि उष्णतेमुळे तंतूच्या आत शिरतात. सुती किंवा ॲक्रिलिक धाग्यात प्रथिने नसल्यामुळे त्यांवर हा रंग टिकत नाही. सूत कशाचे आहे याची खात्री नसेल, तर एक छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा : लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि तिची राख बोटांनी चुरडली जाते, तर ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

पहिली चूक म्हणजे कोरडी लडी थेट रंगात बुडवणे. लोकर पाणी सावकाश शोषते. त्यामुळे वरचा थर गडद होतो आणि आतला भाग पांढरा राहतो. लडी कोमट पाण्यात निदान अर्धा तास भिजवावी आणि ती गुंतू नये म्हणून चार ठिकाणी बांधावी, मात्र सैलच, कारण गाठ घट्ट असेल तर तिच्याखाली रंग पोहोचत नाही. (तसे पांढरे पट्टे हवेच असतील, तर गोष्ट वेगळी.)

सर्वाधिक तक्रारी रंग ठिपक्याठिपक्यांनी बसण्याच्या असतात. पाणी आधीच गरम आणि आंबट असेल, तर रंग पहिल्या स्पर्शातच सुताला चिकटतो आणि पसरायला त्याला उसंत मिळत नाही. जांभळ्या रंगात हे विशेष जाणवते : लाल आधी पकडला जातो, निळा मागे रेंगाळतो आणि लडीवर दोन्ही वेगवेगळे दिसतात. एकसारखी छटा हवी असल्यास रंग साध्या कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात लडी सोडावी, आच हळूहळू वाढवावी आणि व्हिनेगर नंतर, लडी क्षणभर बाजूला उचलून, दोन-तीन हप्त्यांत घालावे. साधारण १०० ग्रॅम सुक्या सुताला ५ टक्क्यांचे ६० मिली व्हिनेगर पुरते. गुलाबी खाद्यरंगात एरिथ्रोसिन हा कृत्रिम लाल रंग असेल, तर तो आम्लात साक्याच्या रूपाने खाली बसतो. अशा वेळी दुसरा लाल निवडणेच शहाणपणाचे.

लोकर आक्रसून नमद्यासारखी झाली, तर ती पूर्ववत होत नाही, म्हणून इथे हयगय करू नये. खळखळती उकळी, सतत ढवळणे आणि गरम लडीवर गार पाणी ओतणे ही याची तीन कारणे आहेत. पाणी ८५ ते ९० अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे कडेला बारीक बुडबुडे दिसतील इतकेच तापवावे, लडी अधूनमधून हलक्या हाताने उलटावी आणि शेवटी ती त्याच पाण्यात पूर्ण गार होऊ द्यावी.

आच बंद करण्याची घाईही नडते. पांढऱ्या कपात चमचाभर पाणी काढून पाहावे. ते जवळजवळ नितळ झाले असेल, तर रंग सुतात गेला आहे. अर्ध्या तासानंतरही ते रंगीतच असेल, तर थोडे व्हिनेगर वाढवून आणखी वीस मिनिटे मंद आचेवर ठेवावे. तरीही रंग उरला, तर तो मुळातच जास्त पडला होता असे समजावे. धुताना रंग सुटणाऱ्या लडीलाही व्हिनेगरच्या पाण्यात पुन्हा असेच तापवता येते. कपड्यांची पावडर किंवा खाण्याचा सोडा मात्र वापरू नये, कारण अल्कधर्मी पाण्यात बसलेला रंगही सुटू लागतो.

बीटाचा रस खाद्य असला तरी त्याची लाली उष्णतेत आणि उजेडात लवकर विटते, त्यामुळे त्याच्या फिकेपणावर व्हिनेगरचा उपाय चालत नाही. कृत्रिम खाद्यरंगही कडक उन्हात फिके पडतात. लडी सावलीतच वाळवावी.