अणुस्फोट आणि ओझोनचा थर : लिहिताना-शिकवताना या चुका टाळा

‘बॉम्बच्या धक्क्याने ओझोनच्या थराला भोक पडते.’ विद्यार्थ्यांच्या निबंधांत हे वाक्य दिसले की मी ते खोडतो. हा थर म्हणजे ताणलेले कापड नव्हे. साधारण 15 ते 35 किलोमीटर उंचीवर विरळ पसरलेला, सूर्याचे घातक अतिनील किरण अडवणारा तो वायू आहे. जमिनीलगतच्या दाबाखाली सगळा गोळा केला, तर जेमतेम 3 मिलिमीटर जाडी भरेल. त्याला धक्का नाही, रसायन संपवते.

स्फोटाच्या अग्निगोलात हवा हजारो अंश तापते. एरवी एकमेकांच्या वाटेला न जाणारे नायट्रोजन आणि ऑक्सिजन तिथे जुळतात आणि गोळा झपाट्याने निवला की नायट्रिक ऑक्साइड मागे उरतो. त्याचा रेणू ओझोनकडून ऑक्सिजनचा एक अणू काढून घेतो, नायट्रोजन डायऑक्साइड बनतो, मग ऑक्सिजनचा सुटा अणू भेटला की पुन्हा मूळ रूपात येऊन पुढच्या ओझोनला भिडतो. वातावरणाचे रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रुट्झेन यांनी 1970 मध्ये या चक्राचे महत्त्व दाखवले. त्यांच्या 1995 च्या नोबेलमध्ये या कामाचा मोठा वाटा आहे.

हा वायू ओझोनच्या उंचीवर पोचला तरच हे चक्र थराला खाते. म्हणूनच नुसती मेगाटनांची (स्फोटाची ताकद मोजायचे एकक, 1 मेगाटन म्हणजे 10 लाख टन टीएनटी) बेरीज करू नका. ढग किती उंच गेला, ते आधी पाहा. 30 ऑक्टोबर 1961 रोजी आर्क्टिकमधल्या नोवाया झेमल्या बेटांवर झालेल्या सुमारे 50 मेगाटनांच्या सोव्हिएत चाचणीचा ढग 60 किलोमीटरच्या वर पोचला होता. छोट्या स्फोटाचा ढग बहुधा खालीच थांबतो आणि पाऊस त्यातली संयुगे धुऊन काढतो.

पण यावरून ‘छोटे बॉम्ब ओझोनला निरुपद्रवी’ असे लिहिलेत, तर ती सर्वांत घातक चूक. तिथे काम करते जळत्या शहरांची काजळी. हिरोशिमाएवढे 100 बॉम्ब शहरांवर पडले तर काय होईल, याचे गणित 2008 मध्ये मांडले गेले. सुमारे 50 लाख टन काजळी उन्हाने तापत स्थितांबरात, म्हणजे ओझोन असलेल्या हवेच्या थरात, चढते, तिथली हवा तापवते आणि ओझोन नष्ट करणाऱ्या अभिक्रियांचा वेग वाढतो. मध्य अक्षांशांवर 25 ते 45 टक्के ओझोन घटतो, तोही काही वर्षे. हा संगणकीय अंदाज आहे, हे मात्र प्रत्येक वेळी लिहा.

अंटार्क्टिकावरचे, 1985 मध्ये जाहीर झालेले छिद्र अणुचाचण्यांच्या माथी मारू नका. ते एकेकाळी फ्रिजमध्ये वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचे काम.

आणि ‘धुराने अंधार होईल, मग अतिनील किरणांची भीती कशाला?’ हा प्रश्नही फसवा आहे. दाट धूर सुरुवातीला ते किरण अडवतोही. पण ओझोन भरून येण्याआधी धूर विरळ झाला, तर ऊन अडल्यामुळे पडलेल्या थंडीने आधीच खुरटलेल्या पिकांवर ते किरण थेट पडतात.