बाइकचे पार्ट घेताना या चुका टाळा: गाडीचं नाव नको, पार्टचा नंबर सांगा

‘२०२० ची स्प्लेंडर आहे, अ‍ॅक्सिलरेटर केबल द्या.’ पुण्याच्या नाना पेठेत असो की तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोरच्या दुकानात, स्पेअर पार्टच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. चुकीचा पार्ट घरी जायची सुरुवातही इथूनच होते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाडीच्या धुराचं नवं मानक लागू झालं. जुन्या मानकाची स्प्लेंडर कार्बोरेटरची, बीएस-६ ची इंजेक्शनची (इंजिनाला पेट्रोल पुरवायच्या या दोन पद्धती). दोन्ही ‘२०२० च्या’च. कार्बोरेटरची केबल आतल्या स्लाइडला अडकते, इंजेक्शनची थ्रॉटल बॉडीच्या चाकाला. टोकं वेगळी, लांबी वेगळी. दुकानदाराने हाताला आली ती दिली, तर निम्म्या वेळा ती बसणार नाही.

२०१७ च्या गाड्यांचंही तेच. त्या वर्षी १ एप्रिलला बीएस-४ आलं. मार्चअखेरीस मोठ्या सवलतीत विकल्या गेलेल्या कित्येक गाड्या बीएस-३ च्या होत्या. त्यामुळे गाडी घेतली कधी यापेक्षा ती बनली कधी, हे महत्त्वाचं. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. शिवाय चेसिस नंबर १७ अक्षरी असतो आणि बहुतेक भारतीय बाइकमध्ये त्यातलं दहावं अक्षर वर्ष सांगतं: के म्हणजे २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३, आर २०२४. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत. दुकानात जाण्याआधी आरसीचा आणि चेसिस नंबरचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. अधिकृत डीलरच्या पार्ट काउंटरवर चेसिस नंबर दिला की ते कॅटलॉगमधून नेमका पार्ट नंबर काढून देतात. तो कागदावर लिहून घ्या. पार्ट नंतर कुठूनही घेतला तरी तोच नंबर मागायचा.

होंडाच्या पद्धतीचा नंबर तीन तुकड्यांत असतो आणि हिरोनेही तीच पद्धत पुढे चालू ठेवली आहे. पहिले पाच आकडे पार्ट कुठला ते सांगतात: ०६४५५ म्हणजे पुढच्या डिस्कचे पॅड, २२२०१ म्हणजे क्लच प्लेट. मधली तीन अक्षरं मॉडेलची, शेवटची तीन त्या पार्टच्या आवृत्तीची. पहिले पाच जुळले आणि मधली तीन जुळली नाहीत, तर तो पार्ट दुसऱ्या गाडीचा आहे, असंच धरून चाला. डिझाइन बदललं की जुना नंबर बंद होऊन नवा येतो. अशा वेळी ‘हाच त्याच्याऐवजी चालतो’ हे कॅटलॉगमध्ये दिसलं तरच घ्या, तोंडी नको.

डावं-उजवं सांगतानाही घोटाळा होतो. गाडीसमोर उभं राहून ‘उजवा इंडिकेटर’ म्हटलं की चुकलं. गाडीवर बसल्यावर उजव्या हाताला येतं ते उजवं. खोक्यावर आरएच आणि एलएच त्याच हिशोबाने छापलेलं असतं.

आधी दोष शोधा, मग पार्ट घ्या

बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतला जाणार नाही. म्हणून अंदाजाने सीडीआय (प्लगच्या ठिणगीची वेळ सांभाळणारा डबा), कॉइल किंवा बॅटरी घेणं सगळ्यात महागात पडतं.

सेल्फ लागत नाही, हॉर्न बसल्यासारखा वाजतो, लगेच नवी बॅटरी आणली जाते आणि दोन महिन्यांत तीही बसते. त्याआधी साधा मल्टिमीटर लावा. गाडी रात्रभर बंद असताना बॅटरीच्या टोकांवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले, तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून बघा. मग इंजिन चालू करून रेस थोडी वाढवा. साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. १३ च्या वर जातच नसेल तर चार्जिंग कमी आहे: वायरिंगचे जोड, मॅग्नेटची कॉइल (वीज तयार करणारी) आणि रेग्युलेटर (व्होल्ट आवरणारा) या क्रमाने तपासा. १५ च्या पुढे जात असेल तर रेग्युलेटर गेलेला आहे. तो तसाच ठेवून नवी बॅटरी घातली, तर ती उकळून मरणार आणि बल्बही उडत राहणार. पंधरा मिनिटांच्या तपासणीने बॅटरीचे पैसे वाचतात.

क्लच घसरतो तेव्हाही हेच. प्लेट मागवण्याआधी क्लच लिव्हरला ढील आहे का बघा. ढील अजिबात नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो. मग ऑइलचा डबा बघा. गिअरच्या बाइकला जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए-२ लिहिलेलं ऑइल लागतं, कारण बहुतेक बाइकमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो. जासो एमबी हे ऑटोमॅटिक स्कूटरचं ऑइल. त्यात घर्षण कमी करणारे घटक असतात. इंजिनला ते चांगलं, क्लचला वाईट: प्लेटा घसरायला लागतात आणि दोष मात्र प्लेटांवर जातो. कारचं ऑइल बाइकमध्ये घालू नये, तेही यासाठीच. ग्रेड गाडीच्या पुस्तकात असेल तीच ठेवा. १०डब्ल्यू-३० च्या गाडीत ‘जाड ऑइल बरं’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं, तर सकाळी गाडी जड चालते आणि अ‍ॅव्हरेज पडतं.

प्लेटा खरंच गेल्या असतील तर स्प्रिंगही बदला. नव्या प्लेटा बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये काही तास, शक्यतो रात्रभर, बुडवून ठेवा. कोरड्या प्लेटा पहिल्याच चढावर जळतात.

मोजून घ्यायचे पार्ट

बेअरिंग आणि ऑइल सील यांना गाडीचं नाव लागतच नाही. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०२ मध्ये शेवटचे ०२ म्हणजे आतलं भोक १५ मिमी. ०० ला १०, ०१ ला १२, ०३ ला १७ मिमी, आणि ०४ पासून पुढे आकड्याला पाचने गुणायचं. पण भोक जुळलं म्हणून बेअरिंग जुळलं असं नाही. ६२०२ ची बाहेरची गोलाई ३५ मिमी आणि जाडी ११, तर ६३०२ ची ४२ आणि १३. दोन्हींचं भोक १५ च. नंबरानंतरची अक्षरंही वाचा: २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील, झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण. चाकाला रबरी सीलचंच घ्या, आपल्याकडचा पाऊस आणि चिखल पत्र्याला दाद देत नाहीत. बेअरिंगमध्ये डुप्लिकेट खूप आहे. एसकेएफने यासाठी ऑथेंटिकेट नावाचं मोबाइल अ‍ॅप दिलं आहे. त्यातून बेअरिंगचे आणि खोक्याचे फोटो पाठवून खात्री करता येते.

ऑइल सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. जुनी सील काढताना फाटतेच, म्हणून उपसण्याआधी आकडे टिपून ठेवा.

पिस्टनच्या बाबतीत होणारी चूक मोठ्या खर्चाची असते. ब्लॉक (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर) एकदा बोअर झालेला, म्हणजे आतून कापून मोठा केलेला असेल तर त्यात स्टँडर्ड पिस्टन चालत नाही. ओव्हरसाइज, म्हणजे मोठ्या मापाचा पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अशा पायऱ्यांनी येतो आणि तो आकडा पिस्टनच्या डोक्यावर कोरलेला असतो. आधी बोअरिंगवाल्याकडे ब्लॉक मोजून घ्या, किती काढावं लागेल ते विचारा, मग पिस्टन आणा आणि तोच पिस्टन त्याच्या हातात देऊन ब्लॉक बोअर करून घ्या. ब्लॉक आधी बोअर करून पिस्टन नंतर आणला, तर पिस्टन आणि ब्लॉक यांच्यामधलं अंतर कमी-जास्त होतं. कमी झालं तर इंजिन जाम, जास्त झालं तर ऑइल पिणार आणि धूर मारणार.

चेन, प्लग, बल्ब

फक्त चेन बदलून पैसे वाचवू नका. झिजलेल्या स्प्रॉकेटचे दात करवतीसारखे एका बाजूला झुकतात आणि नवी चेन त्यांच्यावर काही महिन्यांतच ताणली जाते. पूर्ण किट घ्या. घेताना तीन गोष्टी जुळवायच्या: चेनचा नंबर (१०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांना ४२८, मोठ्या गाड्यांना ५२०), दोन्ही स्प्रॉकेटचे दात आणि कड्यांची संख्या. ४२८ आणि ५२० मध्ये कडीचं अंतरच वेगळं आहे, १२.७ आणि १५.८७५ मिमी, त्यामुळे अदलाबदल होत नाही. ‘मागे दोन दात कमी टाका, अ‍ॅव्हरेज वाढेल’ हा सल्ला घाटात आणि डबलसीट गाडीत महागात पडतो. बसवताना लॉकची क्लिप नीट बघा: तिचं बंद टोक चेन पळते त्या दिशेला हवं, उघडं टोक मागे. उलटी बसली की एखाद्या धक्क्याने ती निसटते.

प्लगचा नंबर ही तर छोटी भाषाच आहे. एनजीकेचा सीपीआर८ईए-९ घ्या: सी म्हणजे १० मिमी व्यासाचा आटा, आर म्हणजे रेझिस्टर, ८ ही उष्णतेची श्रेणी, ई म्हणजे १९ मिमी लांब आटा, शेवटचा ९ म्हणजे ०.९ मिमी गॅप. आटा जास्त लांब असला तर प्लग आत पिस्टनला लागू शकतो. आखूड असला तर हेडच्या आट्यात कार्बन भरतो. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, बॉशमध्ये उलटं आहे. म्हणून एका कंपनीचा आकडा बघून दुसऱ्या कंपनीचा प्लग घेऊ नका, तुलनेचा तक्ता बघा. पल्सर १५० ला दोन प्लग असतात आणि २०० एनएस ला तीन. एकच बदलून उपयोग नाही.

हेडलाइटच्या बल्बमधली चूक वायरिंग जाळते. एचएस१ बल्ब ३५/३५ वॉटचा, एच४ हा ६०/५५ चा. दिसायला सारखे, पण बुडाच्या कडीत थोडा फरक असतो, आणि तो घासून एच४ बसवणारे भेटतात. १२ व्होल्टवर ३५ वॉटला सुमारे ३ अँपिअर लागतात, ६० ला ५. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना हेडलाइटचं बटणच नाही, इंजिन चालू असेपर्यंत दिवा चालू. म्हणजे हा वाढीव भार दिवसभर. आधी होल्डर वितळतो, मग काचेमागचा चांदीचा मुलामा काळा पडतो.

ओरिजिनल, कंपनीच्या पुरवठादाराचा, लोकल

‘ओरिजिनल की डुप्लिकेट’ असे दोनच प्रकार नसतात. गाडीच्या कंपन्या बरेचसे पार्ट स्वतः बनवतच नाहीत. वाळूजच्या एंड्युरन्सचे शॉकअप आणि ब्रेक, व्हॅरॉकचे दिवे, कोइमतूरच्या रोलॉनच्या चेन, गॅब्रिएलचे शॉकअप असे पुरवठादार आहेत आणि त्यातले बरेच जण आपल्या नावाने बाजारातही विकतात. आपल्या गाडीवर मुळात कोणाचा पार्ट होता, ते जुन्या पार्टवरच्या छापावरून कळतं. त्याच कंपनीचा बाजारातला पार्ट मिळाला तर बिनधास्त घ्या, अनेकदा स्वस्त पडतो. आरसा, लेगगार्ड, सीट कव्हर लोकल चालतं. ब्रेक, टायर, स्टिअरिंगचा कोनसेट (हँडल फिरतं ती बेअरिंग) आणि चेन यांत मात्र लोकल घेऊ नका. हलक्या डिस्क पॅडमध्ये घर्षणाचा थर मागच्या प्लेटपासून सुटतो, आणि तो सुटतो जोरात ब्रेक मारल्यावरच. ब्रेक ऑइल मास्टर सिलिंडरच्या झाकणावर लिहिलेलं असेल तेच घ्या, छोटी सीलबंद बाटली. उघडलेली बाटली हवेतला ओलावा खेचते आणि गरम झाल्यावर ब्रेक मऊ पडतो.

पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, नग, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा नंबर असणं कायद्याने बंधनकारक आहे. यातलं काही खोडलेलं किंवा वर दुसरं स्टिकर असेल तर पाकीट परत ठेवा. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कंपनीचीच साइट उघडते का, तेही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या पार्टवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. बिलावर अजून २८ लावलेला दिसला तर तिथेच विचारा.

ऑनलाइन मागवताना

‘तुमच्या गाडीला बसतो’ ही हिरवी खूण विक्रेत्याने भरलेल्या माहितीवर येते, तिच्यावर विसंबू नका. पार्ट नंबर टाकून शोधा आणि फोटोत पाकिटावर तोच नंबर दिसतो का बघा. नुसता चित्रातला पार्ट असेल तर प्रश्न विचारून पाकिटाचा फोटो मागवा. विक्रेता कोण, परत घेण्याची मुदत किती दिवस आणि फिट न झाल्यास परत घेतात का, हे पैसे भरण्याआधी वाचा. ‘जेन्युइन’ पार्ट एमआरपीच्या निम्म्या भावात मिळत असेल तर तो जेन्युइन नाही. टायरवर चार आकडी कोड असतो: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर आला तर लगेच परत करा.

पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा: आधी पत्त्याचं लेबल, मग सील, मग पाकिटावरचा नंबर. पार्ट जुन्याशेजारी ठेवून भोकं, आटे, सॉकेटच्या पिना मोजा. हे सगळं जुळेपर्यंत आतलं प्लास्टिक फोडू नका आणि पार्ट गाडीवर चढवूही नका, ऑइलचा एक डाग लागला तरी परतीचा दावा नाकारला जातो. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तक्रारीला पक्कं बिल आणि तो व्हिडिओ लागतो.

मेकॅनिककडे काम दिलं असेल तर जुना पार्ट आणि नव्याचं रिकामं पाकीट दोन्ही मागून घ्या. पाकिटावरून बिलातला नंबर पडताळता येतो. जुना पार्ट मात्र नवा महिनाभर नीट चालेपर्यंत जपून ठेवा. ऑइल बदलल्यावर रिकाम्या डब्याला समोरच भोक पाडा आणि पाकिटावरचा क्यूआर कोड फाडून टाका. डुप्लिकेट माल भरायला असेच अख्खे डबे आणि पाकिटं गोळा केली जातात.