पक्ष किती सरकला, हे जुन्या पत्रकांवरून कसं मोजावं

गिरगावात ठाकूरद्वारजवळच्या एका छापखान्यात मी एकोणतीस वर्षं कंपोझिटर होतो. निवडणूक लागली की साऱ्या पक्षांची हँडबिलं आमच्या एकाच ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर, निघत. सकाळी एकाला 'प्रचंड बहुमतांनी', दुपारी दुसऱ्याला. चिन्हाचा ब्लॉक तेवढा बदलायचा, 'बहुमतांनी'ची ओळ बांधलेलीच असे. मालक प्रत्येक कामाची एक प्रत तारेत ओवून ठेवत, उधारीचा पुरावा म्हणून. छापखाना बंद झाला तेव्हा ते बाड रद्दीत निघालं होतं, मी घरी आणलं. शेजारच्या खोलीतला मुलगा टीवायला राज्यशास्त्र घेऊन बसलाय. "काका, पक्षाची विचारधारा बदलली हे दाखवायचं कसं?" म्हणाला. त्याला सांगितलं तेच इथे लिहितो.

पक्ष एकच घ्या. दोनशे पानी वहीत पाच रकाने आखा: साल, मथळा, शत्रू कोण, सोबत कोण, आणि मागच्या वेळचा कुठला शब्द गळला. कागद म्हणजे जाहीरनामा, अधिवेशनातले ठराव, पत्रकं. नेत्यांच्या मुलाखती नकोत. तिथे प्रत्येक जण 'आमची भूमिका पहिल्यापासून हीच' म्हणतो.

खरी गंमत शेवटच्या रकान्यात आहे. शब्द एका रात्रीत जात नाही. आधी मथळ्यातून खाली उतरतो, मग बारा पॉइंटात, म्हणजे मजकुराच्या बारीक टाइपात, येतो, मग मागच्या पानावर 'तसेच'च्या पुढे जाऊन बसतो, आणि एका निवडणुकीत नसतोच. म्हणून 'तसेच'नंतरचा मजकूर आधी वाचा. माझ्या बाडात एकाच पक्षाची तीन पत्रकं आहेत. पहिल्यात 'गिरणी कामगार' लाल शाईत, मोठ्या लाकडी टाइपात, आणि खाली पगार-बोनसच्या मागण्या. १९८२चा संप होऊन गेल्यावरच्या दुसऱ्यात तोच शब्द चौथ्या ओळीत. तिसऱ्यात 'गिरणी कामगारांच्या वारसांना घरं', तेही 'तसेच'नंतर. शब्द तिन्हीकडे आहे, पण मागणी कामाची होती ती जागेची झाली. नुसते शब्द मोजणाऱ्याला हे दिसणार नाही.

सुरुवात कुठून धरता यावर निम्मं उत्तर ठरतं. भाजपचं घ्या. पक्ष एप्रिल १९८० मध्ये दिल्लीत स्थापन झाला, पण पहिलं मोठं अधिवेशन त्याच डिसेंबरात आपल्या वांद्र्याला भरलं. वाजपेयींच्या 'कमल खिलेगा'ची आठवण लोक काढतात, त्या वेळी पक्षानं घेतलेल्या 'गांधीवादी समाजवादा'ची कोणी काढत नाही. तेव्हाही विजयाराजे शिंदे यांना तो शब्द रुचला नव्हता. १९८४ ला लोकसभेत दोनच जागा आल्या. पुढे जनसंघाचा, म्हणजे भाजपच्या आधीच्या पक्षाचा, एकात्म मानववाद पुन्हा वर आला, जून १९८९ मध्ये पालमपूरला राममंदिराचा ठराव झाला आणि त्या वर्षअखेरीस जागा ८५ झाल्या. १९८० पासून मोजलं तर पक्ष भलताच लांब गेलेला दिसतो. पण दीनदयाळ उपाध्यायांनी एकात्म मानववादावर भाषणं दिली ती १९६५ साली, आणि तीही मुंबईतच. वही जनसंघापासून उघडली की काही बाबतींत तो घरी परतल्यासारखा दिसतो. मी तर म्हणतो, पक्षाच्या जन्मतारखेच्या पंधरा वर्षं मागे जाऊनच सुरुवात करा.

शत्रूचा रकाना सोबतीच्या रकान्यापेक्षा जास्त खरं बोलतो. शिवसेना १९६६ ला निघाली तेव्हा नोकरीतला दाक्षिणात्य हा विषय होता, लवकरच कम्युनिस्ट आले. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत हिंदुत्व उघडपणे प्रचारात आलं आणि १९८९ ला भाजपशी युती झाली. आता सोबत बघा. १९६८ च्या महापालिका निवडणुकीत सेनेसोबत प्रजासमाजवादी होते. म्हणून सेना समाजवादी झाली का? २०१९ ची काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबरची आघाडीही आधी सोबतीच्या रकान्यात टाका, पुढचे दोन-तीन जाहीरनामे हातात आल्याशिवाय निकाल देऊ नका. २०२२ नंतर मात्र दोन वह्या कराव्या लागतील.

एक फसवी खूण सांगतो. मुलानं कुठल्याशा पक्षाच्या घटनेत 'समाजवाद' शोधला आणि उड्या मारत आला. अरे, १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-क प्रमाणे नोंदणीसाठी समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाहीवर निष्ठा लिहून द्यावीच लागते. आमच्या 'बहुमतांनी'सारखी ती बांधलेली ओळ. सोडून द्या.

मग प्रश्न उरतो: पक्ष सरकला की सगळा बाजारच सरकला? काँग्रेसनं १९५५ ला मद्रासजवळच्या आवडी गावातल्या अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला, १९६९ ला तिच्याच सरकारनं चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं, आणि २४ जुलै १९९१ चा उदारीकरणाचा अर्थसंकल्पही तिच्याच सरकारचा. पण १९९१ नंतर विरोधकांची आर्थिक भाषाही हळूहळू त्याच वळणावर गेली. म्हणून प्रत्येक सालाला विरोधकाचं एक पत्रक शेजारी ठेवा. दोघं एकाच दिशेला गेले असतील तर तसं वेगळं लिहा.

राहिली तारखेची पंचाईत. पत्रकावर 'मतदान रविवारी' असतं, साल नसतं. अशा वेळी तळाची मुद्रकाची ओळ बघा, ती कायद्यानं छापावीच लागते. 'मुंबई ४' असेल तर कागद बहुधा १९७२ च्या, म्हणजे पिनकोडच्या, आधीचा. '४०० ००४' असेल तर नक्की नंतरचा. फोन सात आकडी असेल तर बहुधा २००२ च्या अलीकडचा नाही. माझ्याकडे एक गुलाबी पत्रक आहे, तळाला 'मुंबई ४' आणि सात आकडी फोन. 'महागाई' मथळ्यात, 'तसेच'च्या पुढे 'भूमिपुत्र'. गेले तीन रविवार मी आणि तो मुलगा त्याचं साल शोधतोय.