ध्येय पक्कं, तरी मन लागत नाही? या चुका टाळा

लातूरच्या ट्युशन एरियात किंवा संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत 'ध्येय काय?' विचारा. 'नीट', पीएसआय, तलाठी; उत्तर तोंडावर असतं. 'कशासाठी?' विचारलं की पोरं गप्प होतात.

दुसऱ्याचं ध्येय उचलणं. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवलं की स्वतःला पटलेल्या ध्येयामागं माणूस चिकाटीनं लागतो आणि ते गाठल्यावर समाधानही जास्त मिळतं. दडपणापोटी धरलेल्या ध्येयाचं तसं होत नाही. 'बापानं सोयाबीन विकून फी भरली' ही जाणीव खरी आहे, पण नुसत्या ओझ्यावर वर्षानुवर्षं अभ्यास होत नाही. अर्थात घरच्यांनी सुचवलेलं सगळं परकंच असतं असंही नाही. आजीच्या दवाखान्याच्या खेपा पाहिलेली मुलगी 'डॉक्टर हो' हे वडिलांचं म्हणणं मनापासून आपलं करू शकते.

ध्येय आपलंच आहे का, तपासून बघा. समजा तलाठ्याची पोस्ट निघाली, पण चौकात बॅनर नाही, सत्कार नाही, कुणाच्या स्टेटसला फोटो नाही. राहिलं फक्त काम: फेरफाराच्या नोंदी, अवकाळीनंतरचे पंचनामे, दारात भांडत आलेले भाऊबंद. हे करावंसं वाटतं का?

पैसा आणि प्रतिष्ठा एकाच पारड्यात टाकणं. टिम कॅसर आणि रिचर्ड रायन यांच्या १९९३ च्या अभ्यासात, ज्यांना आर्थिक यश बाकी सगळ्यापेक्षा मोठं वाटत होतं त्यांचं मानसिक स्वास्थ्य तुलनेनं कमी आढळलं. पण हे वाचून कर्ज फेडायला धडपडणाऱ्याला कुणी हावरट ठरवू नये. सावकाराचा तगादा थांबला की झोप लागते, ही गरज आहे. चुलतभावापेक्षा मोठी गाडी हवी, तिथून गडबड सुरू होते.

थांबायचं कधी, हे न ठरवणं. 'यंदा दोन मार्कांनी गेली' या वाक्यावर कितीतरी वर्षं निघून जातात. कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलं की हाताला न लागणारं ध्येय सोडता येणं आणि नवं धरता येणं, दोन्ही मनाच्या आरोग्याला पोषक असतं. नुसतं सोडून रिकामं बसलं तर मन खातं. म्हणून मर्यादा फॉर्म भरतानाच ठरवा, निकालाच्या रात्री नव्हे. पुढं काय करणार तेही लिहून काढा आणि घरात एकाला तरी सांगून ठेवा.

बाकी आयुष्य बंद ठेवणं. 'पोस्ट निघेपर्यंत कुणाच्या लग्नाला जायचं नाही' हा निश्चय ऐकायला भारी वाटतो. नाती तुटतात आणि अपयश आलं की सांगायला माणूस उरत नाही.

झोप, भूक दोन आठवडे बिघडलेली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर ध्येयाची चिकित्सा राहू द्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.