डोंगराचा फोटो प्रिंट करून भिंतीवर लावायचाय? मग हे करा

आधी एकच फोटो निवडा. माझा राजगडाच्या संजीवनी माचीवरून संध्याकाळी काढलेला तोरणा आहे, मागे डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिकट होत जातात, तसले फोटो मोठ्या प्रिंटमध्ये फार छान दिसतात.

आता माप. कॅमेऱ्याचा फोटो बहुतेक वेळा 3:2 असतो म्हणजे 12 बाय 18 किंवा 16 बाय 24 इंच न कापता निघतो, पण तयार फ्रेम 16 बाय 20 ची घेतली की 4 इंच गेले आणि माचीचं टोकच उडालं. त्यामुळे फ्रेम फोटोच्या मापाने करून घ्या, फोटो फ्रेमसाठी कापू नका प्लीज. 24 मेगापिक्सेलचा फोटो 12 बाय 18 ला आरामात पुरतो, मोबाईलचा 12 मेगापिक्सेलचा 12 बाय 16 पर्यंत चांगला येतो.

स्क्रीनला मागून लाईट असतो, कागदाला नसतो, म्हणून प्रिंट नेहमी जरा काळपटच येते आणि सावलीतले कडे सरळ काळा डाग होतात. सावल्या थोड्या उजळा आणि आधी 4 बाय 6 ची एक टेस्ट प्रिंट काढून दिवसाउजेडी बघा. कागद मॅट घ्या, ग्लॉसीवर ट्यूबलाईटच दिसते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माउंट, म्हणजे फोटो आणि काच यांच्यामध्ये बसणारी जाड पुठ्ठ्याची चौकट. माझा कोकणकड्याचा पहिला फोटो फ्रेमवाल्याने विदाउट माउंट थेट काचेला लावून दिला होता, एका पावसाळ्यात तो काचेला असा चिकटला की सोडवताना वरचा थरच निघाला, अजून वाईट वाटतं. फ्रेमवाल्याला ॲसिड-फ्री (म्हणजे फोटो पिवळा न पाडणारं), ऑफ-व्हाइट माउंट सांगा, चारी बाजूंनी 3 इंच आणि खाली अर्धा इंच जास्त, नाहीतर फोटो खाली घसरल्यासारखा वाटतो. फोटो फक्त वरच्या कडेला टेपने लावायला सांगा कारण दमट हवेत कागद फुगतो, चारी बाजू चिकटवल्या की लाटा येतात. पॅक करायच्या आधी मागे पेन्सिलने जागा आणि तारीख लिहून ठेवा.

लावताना फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण 5 फुटांवर, थेट ऊन येत नाही अशा भिंतीवर. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळती राहील, आणि ओल येणारी भिंत असेल तर जून ते सप्टेंबर फ्रेम सरळ दुसऱ्या खोलीत हलवा.