जुना व्हॉल्व्ह सेट, हातची जुळणी आणि घरचं हॅम स्टेशन: या चुका टाळा

कोल्हापुरात जुन्या वाड्यांची आवराआवर निघाली की माळ्यावरून एखादा व्हॉल्व्हचा रेडिओ सेट हमखास खाली येतो. हॅमचं, म्हणजे हौसेने रेडिओवरून बोलण्याचं, वेड लागलेल्या माणसाला तो मिळाला की पहिलं काम काय? प्लग लावणं. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

आधी परवान्याचं थोडक्यात. ऐकायला कुणाची ना नाही, पण प्रक्षेपण करायचं तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेची परीक्षा आणि परवाना लागतो. रिस्ट्रिक्टेड वर्गाला व्हीयू३, जनरल वर्गाला व्हीयू२ ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं ओळखनाव, मिळतं. ते हातात येईपर्यंत रिसीव्हर आणि ॲन्टेना दुरुस्त करण्यात वेळ घालवा. पुढे जे लिहिलंय त्यातलं निम्मं काम तिथंच आहे.

थेट २३० व्होल्टला लावणं

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सेटमधल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा आतला ऑक्साइडचा थर झिजलेला असतो. एकदम पूर्ण दाब दिला की तो गळायला लागतो, तापतो आणि फुटतो. जाताना रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि मेन ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. उद्यमनगरात मोटार रिवाइंड करून देणारे पुष्कळ, पण हाय टेन्शन, ६.३ व्होल्ट आणि ५ व्होल्ट अशी तीन वाइंडिंग असलेला रेडिओचा ट्रान्सफॉर्मर भरून देणारा शोधताना घाम निघतो.

म्हणून सिरीज बोर्ड वापरा. ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये घ्या. एलईडी बल्ब इथं कामाचा नाही. बल्ब आधी लख्ख पेटून मग मंद झाला तर ठीक. लख्खच राहिला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. हे इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे फिल्टर कंडेन्सर हळूहळू दाब देत ‘जिवंत’ करण्याचा सल्ला बरेच जण देतात. माझं मत सरळ आहे: ४५० व्होल्टचे नवे घाला आणि मोकळे व्हा. जुना डबा चेसीवर (सेटच्या धातूच्या सांगाड्यावर) शोभेला राहू द्या, फक्त त्याचं कनेक्शन काढा.

मेणकागदी कंडेन्सरांपैकी एक तर नक्की बदला, तो म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा कपलिंग कंडेन्सर. तो गळत असेल तर ग्रिड पॉझिटिव्ह होतो, आवाज फाटतो आणि व्हॉल्व्ह लाल होतो. तपासणी सोपी आहे. आउटपुट व्हॉल्व्ह ६व्ही६ असेल तर तो काढा, सेट चालू करा आणि सॉकेटच्या ५ नंबरच्या पिनवर चेसीच्या संदर्भात डीसी व्होल्टेज मोजा. शून्य यायला हवं. एक-दोन व्होल्ट पॉझिटिव्ह दिसले तरी कंडेन्सर बाद.

दोन गोष्टी सेटवर वाचून घ्या. महायुद्धातला अमेरिकन सेट असेल तर तो बहुधा ११५ व्होल्टचा असतो, त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. आणि व्हॉल्व्हची नावं ‘यू’ने सुरू होत असतील, उदाहरणार्थ यूसीएच४२, यूएल४१, यूवाय४१, तर तो एसी/डीसी सेट आहे. त्यात मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि चेसी थेट मेनच्या एका वायरला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर चेसीला फेज. अशा सेटला हेडफोन किंवा बाहेरची अर्थ जोडू नका. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर तो शोकेसमध्येच बरा.

ट्रान्समीटरच्या बाबतीत तर हयगय चालत नाही. ८०७ व्हॉल्व्हच्या डोक्यावरची टोपी म्हणजे ॲनोड (प्लेट), तिथं ५००-६०० व्होल्ट उघड्यावर असतात. स्विच बंद केला तरी फिल्टर कंडेन्सर भरलेला असतो. कंडेन्सर रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर तुटलेला नाही ना ते मीटरने बघा, कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामा करा, मगच हात घाला, आणि तोही एकच. कॅथोड कीइंगच्या जुन्या सेटमध्ये मोर्सची की दाबलेली नसताना तिच्या दोन टोकांत बराच दाब असतो. उघड्या पितळी कीवर बोट टेकवून बसायची सवय असेल तर मध्ये रिले घाला.

बल्बचा डमी लोड

ट्रान्समीटर तपासताना ॲन्टेनाऐवजी लावायचा भार म्हणजे डमी लोड. ‘१०० वॅटचा बल्ब लावला, छान पेटतोय, म्हणजे पॉवर येतेय.’ ही समजूत घराघरांत आहे. २३० व्होल्टचा १०० वॅटचा बल्ब गार असताना साधारण ४० ओम असतो आणि पूर्ण पेटल्यावर ५३० ओमच्या आसपास जातो. म्हणजे ट्यून करता करताच लोड बदलत राहतो. बल्बवर ट्यून केलेला ट्रान्समीटर ॲन्टेनाला लावला की सगळं परत बिघडतं. त्यापेक्षा १ किलोओम, २ वॅटचे २० मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर डाग देऊन घ्या. ५० ओम आणि ४० वॅट झाले. वायरवाउंड रेझिस्टर मात्र नको, तो आतून कॉइलच असतो.

व्हॉल्व्हचा फायनल (शेवटचा पॉवर स्टेज) ट्यून करताना मोर्सची की चार-पाच सेकंदांवर दाबून धरू नका. प्लेट कंडेन्सर फिरवून करंटचा डिप शोधा, लोड थोडा वाढवा, पुन्हा डिप घ्या. डिप सापडत नाही म्हणून की धरून बसलात तर सगळी पॉवर प्लेटवरच उष्णता होऊन जाते. प्लेट लालसर दिसली की हात काढा आणि आधी ड्राइव्ह (आधीच्या स्टेजकडून येणारा सिग्नल) तपासा.

ॲन्टेना: दोष इथं असतो, शिव्या सेटला बसतात

४० मीटर बँडच्या डायपोलचं (मध्यातून दोन्हीकडे जाणाऱ्या तारेच्या ॲन्टेनाचं) सूत्र सोपं: १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ साठी एकूण सुमारे २०.१ मीटर, एका बाजूला १० मीटर. पीव्हीसी आवरणाची वायर असेल तर थोडी आखूड लागते, पण कापताना दोन्हीकडे फूटभर जास्त ठेवा आणि टोक मागे दुमडत या. एका बाजूला ७ सेंटीमीटर कमी केली की अनुनादाची फ्रिक्वेन्सी साधारण ५० किलोहर्ट्झने वर सरकते.

शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत सलग २० मीटर गच्ची कुणाकडे असते? मधला भाग खांबावर चढवून दोन्ही बाजू उतरत्या सोडा, उरलेली टोकं खाली वळवा. उंची सात-आठ मीटरच मिळतेय म्हणून कष्टी होऊ नका. एवढ्या उंचीवरून ७ मेगाहर्ट्झच्या लहरी सरळ वर जाऊन खाली परततात, आणि पुणे-मुंबईशी दिवसा बोलायला तेच हवं असतं. दोन गोष्टी मात्र कधीच नकोत. गल्लीतल्या विजेच्या तारांवरून किंवा खालून ॲन्टेना नेऊ नका. दोर तुटला तर जीव जाईल. आणि टोकं वाळवणाच्या, कपड्यांच्या दोरीच्या उंचीवर ठेवू नका, प्रक्षेपणाच्या वेळी तिथंच सर्वांत जास्त दाब असतो.

केबल टीव्हीची ७५ ओमची आरजी-६ केबल लोक उगाच टाकून देतात. ७ मेगाहर्ट्झला ती झकास चालते. अडचण एकच, तिच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला डाग बसत नाही, क्रिंप कनेक्टर लावावा लागतो.

मे महिन्यात एसडब्ल्यूआर (ॲन्टेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप, १ च्या जवळ असलेलं बरं) १.३ होता आणि जुलैत ३ झाला, तर केबलच्या वरच्या टोकातून पाणी शिरलंय. आपल्याकडचा पाऊस उघडं टोक सोडत नाही. ते एम-सीलने बंद करा आणि केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळ तिथून ठिबकेल. उलटही घडतं: केबल लांबवर भिजली की तिच्यातच पॉवर जिरते आणि खाली मीटर अगदी छान १.१ दाखवतो. अचानक सुधारलेल्या एसडब्ल्यूआरवर विश्वास ठेवू नका.

‘रिसीव्हर बहिरा झालाय’

बहुतेक वेळा तो बहिरा नसतो, गोंगाटात बुडालेला असतो. रिसीव्हर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच पाडा. खरखर गेली तर चोर घरातच आहे. एकेक एमसीबी चढवत जा. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर आणि इन्व्हर्टर हे नेहमीचे गुन्हेगार. खरखर गेली नाही तर बॅटरीचा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर मोकळ्या जागी लावून गल्लीतून चक्कर मारा, जिथं आवाज वाढेल तिथं थांबा. ‘काकू, देवघरातली ती एलईडीची माळ जरा एक मिनिट बंद करून बघू या का?’ एवढं नीट विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही. उद्यमनगराच्या आसपास राहत असाल तर वेल्डिंग थांबण्याची, म्हणजे सुट्टीच्या दिवसाची वाट बघणं हाच उपाय.

संध्याकाळी ७.२ मेगाहर्ट्झच्या वरच्या प्रसारण केंद्रांचे आवाज हौशी बँडभर ऐकू येत असतील तर तो गोंगाट नव्हे, रिसीव्हरचा ॲन्टेनाकडचा पहिला स्टेज ओव्हरलोड होतोय. ॲन्टेनाच्या वाटेवर ॲटेन्युएटर घाला. सिग्नल कमी होईल, पण ऐकू जास्त येईल.

हातची जुळणी

हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटएक्स हा घरी जुळवायचा ट्रान्सीव्हर मांडला तेव्हा कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर वापरले होते. त्यामुळे महागड्या सुट्या भागांची सबब सांगू नका. तो चालत नाही तेव्हा कारणं ठरलेली असतात: फायनलच्या आयआरएफ५१० ट्रान्झिस्टरची धातूची पट्टी म्हणजे ड्रेन, ती अभ्रकाशिवाय हीटसिंकवर कसली की सप्लाय शॉर्ट; वायरिंग लांब ठेवलं की स्टेज स्वतःच किंचाळायला लागतो; लो-पास फिल्टर ‘नंतर घालू’ म्हणून राहिला की १४.२ आणि २१.३ मेगाहर्ट्झवर तुमची हार्मोनिक्स (दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीच्या लहरी) ऐकू येतात. व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी ठरवणारा ऑसिलेटर) सरकत असेल तर साध्या सिरॅमिकऐवजी तापमानाने फारसा न बदलणारा एनपीओ कंडेन्सर वापरा आणि पंख्याचा वारा त्यावर येऊ देऊ नका. पत्र्याच्या खोलीत एप्रिलमध्ये थोडा सरकणारच.

अर्थ, वळीव आणि चावणारा माइक

नळाला अर्थ जोडायचा जुना सल्ला विसरा, आता पाइप प्लास्टिकचे आहेत. कोळसा-मिठाचा खड्डा करा आणि ती अर्थ घराच्या अर्थिंगशी जाड तारेने जोडा. दोन वेगवेगळ्या अर्थ ठेवल्या तर वीज कडाडली की त्यांच्यातला फरक तुमच्या सेटमधूनच वाट काढतो. वळवाचे ढग पन्हाळ्याकडे दिसले की केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर ठेवा, आणि हे गडगडाट सुरू होण्याआधी करा.

बोलताना माइक ओठाला चावत असेल किंवा समोरचा ‘आवाज फाटतोय’ म्हणत असेल, तर केबलच्या जाळीवरून आरएफ (प्रक्षेपणाची रेडिओ ऊर्जा) खोलीत परत येतोय. डायपोलच्या मध्याशी केबलचेच १०-१२ वेढे घेऊन चोक करा. तरी राहिलं तर माइकच्या सॉकेटवरच ०.००१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर चेसीला जोडा.